वाचकांचे प्रश्न : लाइन गेली, लोड लटकला

ईओटी (शेडमध्ये वरच्या गर्डरवर चालणाऱ्या विजेच्या) आणि गँट्री (जमिनीवरच्या रुळांवर पायांनी चालणाऱ्या) क्रेनबद्दल बरीच पत्रं आली. शेड, पाइप-यार्ड, जिनिंग असे सगळीकडचे प्रश्न आहेत. एक पत्र थेट शेतातल्या बोअरवरून आलं आहे. कुप्पी (वजन उचलायचं साधन) तीच, नियम तेच, म्हणून तेही घेतलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये 5 टनी सिंगल गर्डर क्रेन आहे. लाइन दिवसातून तीन-चारदा जाऊन राहते. एकदा चार टनांचं हॉपर अडीच मीटरवर असताना गेली, दोन तास तसंच लटकून होतं. ऑपरेटर म्हणे, ब्रेक हातानं उचलून खाली घेऊ. घ्यावं का? दुसरं, डीपी बदलल्यापासून 'वर'चं बटण दाबलं की हूक खाली येऊन राहिला. वायरमन म्हणाला, बटणं उलटी समजून चालवा, उद्या येतो. तसं चालवलं तर बिघडतं काय?
(शेडमालक, ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण जीव जातो तो तिथं. 'बटणं उलटी समजून चालवा' म्हणणाऱ्याला लिमिट स्विच (हूक फार वर गेला की उचल थांबवणारा) कुठं जोडलेला असतो ते माहीत नाही, किंवा घाईत आठवलं नाही.

छोट्या क्रेनवर हॉइस्टचा (उचलणाऱ्या यंत्रणेचा) वरचा लिमिट स्विच बहुधा 'वर'च्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलमध्ये जोडलेला असतो. हूक ब्लॉक वर पोचला की तो फक्त 'वर'चा कॉन्टॅक्टर सोडतो. 'खाली'चा चालू राहावाच लागतो, नाहीतर हूक पुन्हा खाली कसा आणणार? आता डीपी बदलताना तीनपैकी दोन फेजांची अदलाबदल झाली, की मोटर उलटी फिरते. ऑपरेटर हूक वर न्यायला 'खाली'चं बटण दाबतो. ब्लॉक लिमिटला लागतो, लिमिट आपलं काम चोख करतो, 'वर'चा कॉन्टॅक्टर सोडतो. पण चालू आहे तो 'खाली'चा! मोटर थांबत नाही, ब्लॉक ड्रमवर आदळतो, वायर रोप तुटतो आणि ब्लॉकसकट लोड खाली येतो. काही क्रेनांवर वजन लटकवलेला, मुख्य पुरवठाच तोडणारा लिमिट असतो. तो दोन्ही दिशांना वाचवतो. तुमच्याकडे कोणता आहे हे वायरिंग उघडून बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

म्हणून डीपी बदलली, लाइनवर काम झालं, किंवा जनरेटरवर चेंजओव्हर टाकला, की पहिली कृती एकच : हूक रिकामा, उंचीच्या मधोमध, आणि 'वर'चं बटण क्षणभर दाबून सोडायचं. हूक वर सरकला तर पुढचं काम. खाली आला तर मेन आयसोलेटर (क्रेनचा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, किल्ली खिशात. दुरुस्ती क्रेनच्या इनकमिंगवर दोन फेज बदलून करायची, म्हणजे हॉइस्ट, ट्रॉली (आडवी चाल) आणि लाँग ट्रॅव्हल (क्रेनची लांबीची चाल) तिन्ही एकदम सरळ होतात. नुसत्या हॉइस्ट मोटरच्या टोकांवर बदल करणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी लाइनमन फेज सरळ करून गेला, की तीच मोटर परत उलटी. क्रेनच्या पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले बसवून घ्या. फेज उलटा असला किंवा एखादा गेलेला असला तर तो क्रेन सुरूच होऊ देत नाही. तुटलेल्या रोपच्या किमतीपुढं त्याचा खर्च किरकोळ आहे.

आता लटकलेलं हॉपर. हॉइस्टचा ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि विजेनं सुटतो. लाइन गेली की तो आपोआप आवळला जातो. त्यामुळं लोड जागच्या जागी थांबायला हवा. दोन तासांत हॉपर इंचभरही खाली सरकलं असेल, तर ब्रेकचे लाइनर (घासपट्ट्या) झिजलेत, त्यांना तेल लागलंय किंवा स्प्रिंग सैल आहे. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत त्या क्रेनला दुसरा लोड लावू नका.

लाइन गेल्याबरोबर पेंडंटवरचं (लटकत्या बटणपेटीवरचं) लाल मशरूम बटण दाबायचं आणि मेन आयसोलेटर पाडायचा. केबिनची क्रेन असेल तर सगळे कंट्रोलर शून्यावर. लाइन अचानक आली तर काहीही हललं नाही पाहिजे. मग दोर बांधून जागा अडवा. फक्त लोडच्या बरोबर खाली नाही, तर लोड कलंडून जिथवर पोचेल तिथवर. एक माणूस पहाऱ्याला ठेवा. दोन तास लागणार असतील तर दोन तास पहारा.

ब्रेक हातानं उचलून लोड खाली घेता येतो, पण ज्या हॉइस्टला त्यासाठी उत्पादकानं लिव्हर दिलं आहे त्यावरच, आणि ते काम शिकलेल्या इलेक्ट्रिशियननंच करायचं. आयसोलेटरला कुलूप हवंच. लिव्हरची पट्टी उचलायची, लोड दहा-पंधरा सेंटिमीटर आला की सोडायची, ब्रेक थंड होऊ द्यायचा, पुन्हा उचलायची. एरवी लोड उतरताना वेग मोटर रोखून धरते. वीज नसताना ते सगळं ओझं एकट्या लाइनरवर येतं. कुणी पट्टी धरूनच ठेवली तर लोड वेग घेतो, लाइनर जळतो, आणि मग पट्टी सोडूनही ब्रेक धरत नाही. पाना, सळई, पहार अडकवून ब्रेक उघडा ठेवणं तर कुठल्याच परिस्थितीत नाही. जनरेटर असेल तर तोच चांगला मार्ग. मात्र इथं लोड आधीच टांगलेला आहे, रिकाम्या हुकाची चाचणी होणार नाही, म्हणून जनरेटरचा फेज क्रम आधी मीटरनं तपासा.

विजेच्या दाबाबद्दलही दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात 'व्होल्टेज डाउन असते' असा ओझरता उल्लेख आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं कमी होतो. 415 व्होल्टच्या मोटरला 330 व्होल्ट मिळाले तर जोर उरतो साधारण 63 टक्के. मोटर लोड उचलत नाही, नुसती घुमते, जास्त करंट ओढते. वर ब्रेकचं कॉइल लाइनर पूर्ण सोडत नाही, म्हणून लाइनर घासत राहतो, गुळगुळीत होतो, आणि एखाद्या दिवशी दाब चांगला असताना घसरतो. मग लोक म्हणतात, 'आज तर लाइन बरोबर होती.' व्होल्टमीटर पॅनेलच्या दारावर लावा आणि किती व्होल्टच्या खाली उचल बंद, तो आकडा उत्पादकाकडून घेऊन शेजारी रंगवून ठेवा.

प्रश्न : सिमेंट पाइपचं यार्ड आहे. उघड्यावर 10 टनी गँट्री, दोन्ही बाजूंना जमिनीवर 60 मीटर रूळ. पावसाळ्यात क्रेन तिरपी चालते, चाकाची कड घासून लोखंडाचा भुगा पडतो. उन्हाळ्यात परत बरी चालते. चाकं बदलावी का?
(यार्ड सुपरवायझर, ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : चाकं बदलून पुढच्या पावसाळ्यात हेच पत्र पुन्हा लिहाल. दोष रुळाखालच्या मातीचा आहे. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, हात घालावा एवढ्या भेगा पडतात. जून-जुलैत पाणी प्यायली की फुगते. फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. पाइपांची रास असते तिथं माती दबलेली, नालीजवळ जास्त ओली. एक रूळ वर येतो, दुसरा बाजूला सरकतो. दोन रुळांतलं अंतर बदललं की क्रेन तिरपी होऊन चालते आणि चाकाची कड रूळ कापत जाते. भुगा पडतोय म्हणजे कड पातळ होतेय. कड गेली की चाक रुळावर चढतं.

आधी मोजा. स्टीलची टेप घ्या, कापडी नको. दर 3 मीटरवर दोन रुळांच्या मध्यरेषांमधलं अंतर घ्या, टेपला प्रत्येक वेळी सारखाच ताण द्या, त्यासाठी टोकाला स्प्रिंग काटा लावा. 15 मीटरपर्यंतच्या स्पॅनला (दोन रुळांतल्या अंतराला) साधारण 5 मिमी इतकाच फरक चालवून घेतात. उंचीचा फरक पारदर्शक नळीत पाणी भरूनही कळतो. गवंडी वापरतात तीच नळी, फक्त तीत बुडबुडा राहू देऊ नका. मापं सकाळी लवकर घ्या. उन्हात रूळ लांबतो : 60 मीटरचा रूळ जानेवारीच्या पहाटे 10 अंश आणि मेच्या दुपारी 60 अंश तापला तर त्याच्या लांबीत जवळपास 36 मिमी फरक पडतो. सांधे गच्च वेल्ड करून टाकले आणि टोकं जखडली, की रूळ बाजूला फुगतो. तेही तिरपेपणाचं एक कारण आहे, आणि ते पावसाळ्याच्या नावावर जमा होतं.

तात्पुरता उपाय म्हणजे क्लिपा सोडून, खाली पट्ट्या घालून रूळ पुन्हा पातळीत आणणं. कायमचा उपाय पायाचा आहे. एक तर काळी माती उपसून मुरूम 150 ते 200 मिमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि रोलर फिरवून भरायचा. नाहीतर माती जिथं हंगामाप्रमाणं हलत नाही त्या खोलीपर्यंत, आपल्याकडे बहुधा साडेतीन मीटरच्या आसपास, खाली फुगीर गोळ्याचे अंडर-रीम्ड पाइल घेऊन त्यावर बीम टाकायचा. त्या बीमच्या तळाशी आणि मातीत 75 ते 80 मिमी पोकळी ठेवावी लागते. ठेकेदार ती हमखास बुजवतो, 'दिसायला बरं दिसत नाही' म्हणून. पोकळी बुजली की फुगणारी माती बीमच उचलते आणि पैसे मातीत जातात, अगदी शब्दशः. दोन्ही बाजूंना उताराची नाली घ्या. रुळांना अर्थिंग आहे का तेही एकदा बघा.

तुम्ही विचारलं नाही, पण उघड्यावरच्या गँट्रीला त्याहून मोठा धोका वाऱ्याचा आहे. एप्रिल ते जूनमधली आपली संध्याकाळची वादळं दहा मिनिटांत येतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. बांधकामाच्या आयएस 875 या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरला आहे. त्या वेगाला उभ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 118 किलोचा रेटा येतो. मोटरचा ब्रेक चाकाला धरतो, चाक रुळाला धरत नाही. ओल्या रुळावर ब्रेक लागलेली क्रेनही घसरत जाते आणि शेवटच्या स्टॉपरवर आदळून उलटते.

म्हणून रूळ क्लॅम्प हवेत आणि जमिनीत पक्के केलेले वादळ-अँकर हवेत. 60 मीटरच्या रुळाला एकाच टोकाला अँकर ठेवू नका. क्रेन दुसऱ्या टोकाला असेल तर वादळात तिथवर नेत बसावं लागतं. दोन-तीन जागी अँकरच्या पिनेसाठी खड्डे करून घ्या आणि त्यांत माती-पाणी साचू देऊ नका. पिन बसली पाहिजे, हे दर शनिवारी बसवूनच बघायचं. लाकडी पाचर हा अँकर नाही. विजा पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप सुपरवायझरच्या फोनवर असू द्या, नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा बघत चला. ऑपरेटरला मात्र साधी खूण द्या : टिनाचे पत्रे वाजायला लागले की टांगलेला पाइप खाली, हूक वर, क्रेन अँकरवर. मालकाच्या फोनची वाट बघायची नाही.

प्रश्न : पाइप दोन टनांचा. जांभळे बेल्ट 1 टनी, दोन फास देऊन एकाच हुकात लावतो. एक आणि एक दोन. सुपरवायझर नाही म्हणतो. चूक कोणाची?
(बांधणी करणारा कामगार, त्याच यार्डातून)

उत्तर : बेरीज तुमची बरोबर आहे, वापर चुकला. पाइपचं वजन आधी खरंच काढू. आतला व्यास 900 मिमी, जाडी 100, लांबी 2.5 मीटर असेल, तर काँक्रीट भरतं 0.785 घनमीटर. घनमीटरला 2500 किलो धरले तर 1963 किलो, म्हणजे दोन टनांना थोडंसं कमी. ओला पाइप जरा जडच भरतो.

बेल्टवर लिहिलेला 1 टन हा सरळ उभ्या ओढीसाठी आहे. तुम्ही दोन्ही बेल्टना पाइपभोवती फास देऊन एकाच हुकात अडकवता. फासात बेल्ट स्वतःवरच आवळतो, म्हणून त्याची ताकद 80 टक्के धरायची : 1 टनाचे 800 किलो झाले. शिवाय बेल्ट तिरपे जातात. तिरपेपणा आडव्या रेषेपासून मोजला तर प्रत्येक बेल्टवरचा ताण असा : 60 अंशांना 1.13 टन, 45 अंशांना 1.39 टन, 30 अंशांना 1.96 टन. म्हणजे 45 अंशांवर 800 किलोच्या फासावर तुम्ही 1390 किलो टाकताय. बेल्ट अजून तुटले नाहीत, कारण पॉलिएस्टर बेल्टमध्ये सातपट राखीव ताकद ठेवलेली असते. ती उन्हानं विरलेल्या धाग्यासाठी, पाइपच्या कडेवर झालेल्या चिऱ्यासाठी, झटक्यासाठी आहे. तुम्ही ती रोजच्या कामात खर्च करताय.

हिरवे 2 टनी बेल्ट घ्या. फासात 1.6 टन मिळतात, 60 अंशांवर ताण 1.13, बसलं. कोनमापक कुणी बाळगत नाही, म्हणून खूण लक्षात ठेवा : दोन फासांत जेवढं अंतर, हुकापासून फासापर्यंतचा बेल्ट किमान तेवढाच लांब. म्हणजे तिन्ही बाजू सारख्या, कोन 60. फासांत दीड मीटर अंतर ठेवलं, तर वरचा दीड मीटर अधिक पाइपाभोवतीचा साडेतीन मीटर घेर. 6 मीटरचा बेल्ट लागेल. आखूड बेल्ट यार्डात पडलाय म्हणून तोच लावायचा, यातच सगळी गडबड आहे. ओल्या पाइपवर फास एकमेकांकडे सरकतात, त्यामुळं रोजचंच काम असेल तर स्प्रेडर बीम (हुकाखाली आडवी टांगायची तुळई) करून घ्या. फास उभे राहतात, कोनाचा प्रश्नच मिटतो.

रंगांची यादी भिंतीवर लिहा : जांभळा 1, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5 टन. रंग उडाला आणि लेबल गेलं तर तो बेल्ट उचलीचा राहिला नाही. त्याला कापून टाका, नुसता कोपऱ्यात ठेवलात तर सोमवारी परत हुकावर दिसेल. बेल्टला गाठ मारून लांबी कमी करायची नाही. आणि बेल्ट उन्हात गँट्रीच्या पायावर टांगून ठेवू नका. आपल्या उन्हात पॉलिएस्टर कडक होतं, नखानं खरवडलं तर धाग्याची पूड निघते. पूड निघाली की बाद.

प्रश्न : वायर रोप कधी बदलायचा? आमचा मिस्त्री म्हणतो, तुटायच्या आधी.
(देखभाल फोरमन, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : मिस्त्रीचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्याला मोजमाप जोडायचं.

व्हर्निअर घ्या. रोपाच्या लडी (तारांचे पिळलेले पदर) बाहेर फुगलेल्या असतात. जबडे समोरासमोरच्या दोन लडींच्या माथ्यांवर टेकले पाहिजेत, दोन लडींमधल्या सपाट जागी नाही. सपाट जागी धरलं तर रोप उगाच बारीक दिसतो. एकाच ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा, मग मीटर-मीटर पुढं जाऊन आणखी दोन ठिकाणी. नव्या रोपाचं माप पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, कारण नवा रोप नावापेक्षा थोडा जाड असतो. त्यात 5 टक्के घट आली, म्हणजे 12 मिमीचा 11.4 वर आला, की काढा. रोप एकाएकी बारीक झाला असेल तर आतला गाभा चिरडला गेलाय.

तुटलेल्या तारा मोजायच्या त्या एका पिळात. एक लड रोपाभोवती पूर्ण वळसा घालते तेवढी लांबी म्हणजे एक पीळ, 12 मिमीच्या रोपाला अंदाजे 75 ते 80 मिमी. त्यात विखुरलेल्या 12 तारा, किंवा एकाच लडीत 4 तारा तुटलेल्या दिसल्या, की बाद. दोन लडींच्या खाचेतून एकजरी तुटकी तार डोकावली तरी सावध व्हा, आत बऱ्याच गेलेल्या असतात. पिळाला गाठ पडली, पिंजऱ्यासारखा फुलला, वेल्डिंगची ठिणगी लागून निळा पडला, तर मोजायचंसुद्धा कारण नाही.

कुठं बघायचं? लोकं हुकाजवळ बघतात. तिथं तर सगळ्यांनाच दिसतो. इक्वलायझर पुलीवरचा रोप बघा. ती पुली फिरत नाही, फक्त डुलते, म्हणून रोप तिथं एकाच जागी वर्षानुवर्षं चेपला जातो आणि वरून ग्रीसचा थर असतो. ड्रमच्या टोकाचा भागही बघा. हूक सगळ्यात खाली असताना ड्रमवर कमीत कमी दोन पूर्ण वेढे उरले पाहिजेत. हे बघताना आयसोलेटर बंद, चामडी हातमोजे, आणि चालत्या रोपावर सुती कापड कधीच नाही. तुटकी तार कापडात अडकते आणि कापडासोबत हात ड्रममध्ये जातो.

जिनिंगमध्ये आणखी एक उपद्रव असतो : कापसाची फुई ग्रीसवर बसते आणि रोप पांढरा दिसतो. आधी ब्रशनं पुसून मगच मोजा.

नवा रोप टाकताना व्यास, बांधणी आणि गाभा जुन्यासारखाच घ्या. गुंडाळी उभ्या रॉडवर फिरवत सोडा. जमिनीवर आडवी ठेवून बाजूनं ओढलीत तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ वाढतो आणि पहिल्याच दिवशी गाठ पडते. बुलडॉग क्लिपांबद्दल (रोपाचं टोक दुमडून पकडणाऱ्या) तुम्ही फोटो पाठवला होता. त्यात क्लिपा उलट्या आहेत. क्लिपचं चपटं बसकं ओढ घेणाऱ्या लांब रोपावर, गोल यू मोकळ्या आखूड टोकावर. यू कडा चेपून रोप जखमी करतो, म्हणून तो टोकाला जातो. 12 मिमीला कमीत कमी तीन क्लिपा, त्यांच्यात सहा व्यास म्हणजे 72 मिमी अंतर, आणि पहिला लोड दिल्यावर नट पुन्हा आवळायचे, कारण ओढ बसली की रोप बारीक होतो. उचलीच्या स्लिंगा मात्र क्लिपांनी बनवू नका, कारखान्यातून दाबून आणलेल्या घ्या.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी दोन ते चार हॉइस्ट दर अर्ध्या तासाला ट्रिप होतो. इलेक्ट्रिशियननं ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या) आकडा वाढवून दिला, आता होत नाही.
(जिनिंग-प्रेसिंग, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : आकडा आजच परत खाली आणा. सर्वसाधारण मोटर 40 अंश हवेसाठी बनवलेली असते. बाहेर 46 असताना टिनाच्या छताखाली, गर्डरच्या उंचीवर, पन्नाशीच्या पुढं जातं. मोटर रिलेच्या भाषेत 'थांब' म्हणत होती, तुम्ही तिची जीभ बांधली. आता जळताना सांगणार नाही.

उपाय : मोटरच्या पंखांवर बसलेली रुई दर आठवड्याला काढा, छतावर हवा बाहेर काढणारे व्हेंटिलेटर लावा, जड उचल सकाळी उरका. आणि बटण टकटक दाबणं थांबवा. प्रत्येक सुरुवातीला मोटर पाच ते सात पट करंट घेते. ऑपरेटर कापसाची गाठ जागेवर बसवायला वीस टिचक्या मारतो, तेवढ्यात ती लोड न उचलताच तापते. 170 किलोच्या एका गाठीसाठी हॉइस्ट मोठाच आहे, टिचक्यांनी मारला जातोय. केबिनमधल्या माणसाचंही तेच : पंखा, पाणी, आणि दुपारी दर तासाला अदलाबदल.

प्रश्न : आमच्याकडे आठच माणसं. कारखाना कायदा लागत नाही म्हणतात. तरी वार्षिक तपासणी करायची का?
(वर्कशॉप, ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : वायर रोप हजेरीपट बघत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 29 नं घालून दिलेला पाठ कितीही माणसांच्या शेडला उपयोगी आहे : सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी संपूर्ण तपासणी आणि तिची नोंद, सुरक्षित उचलभार क्रेनवर ठळक लिहिलेला, चाचणी सोडून त्यापलीकडे भार नाही, आणि क्रेनच्या रुळावर किंवा जवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या 6 मीटरच्या आत येणार नाही असा बंदोबस्त. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. गर्डरवर ट्यूबलाइट बदलायला चढलेल्या माणसाला खालून कुणी विचारत नाही. आयसोलेटरला कुलूप लावायचं आणि किल्ली चढणाऱ्याच्या खिशात, फोरमनच्या ड्रॉवरमध्ये नाही.

हुकाच्या तोंडावर दोन पंच खुणा मारून अंतर लिहून ठेवा. 5 टक्के उघडलं तरी उतरवून तपासायला द्या. तापवून, ठोकून बंद केलेला किंवा वेल्ड मारलेला हूक भंगारात. मोठी दुरुस्ती झाली की 125 टक्के भाराची चाचणी होते, 5 टनीला 6.25 टन. ती सक्षम व्यक्तीच्या समोरच, तुमच्या हौसेनं नाही.

प्रश्न : दोघं-तिघं एकदम इशारे करतात, ऑपरेटर कुणाचं ऐकणार?
(क्रेन ऑपरेटर, ता. कोरपना, जि. चंद्रपूर)

उत्तर : एकाचंच, आणि तो कोण हे उचलायच्या आधी ठरलेलं. त्याच्या अंगात वेगळ्या रंगाचं जाकीट. तर्जनी वर करून छोटं वर्तुळ म्हणजे उचल, तर्जनी खाली करून वर्तुळ म्हणजे उतरव, हात आडवा आणि तळवा खाली म्हणजे थांब. 'थांब' मात्र कुणाचाही ऐकायचा, चहावाल्या पोराचासुद्धा. इशारा दिसेनासा झाला तरी थांबायचं. खलाशी (लोड बांधणारा मदतनीस) लोड आणि भिंतीच्या मध्ये उभा दिसला तर तुम्हाला बटण दाबायला कुणी भाग पाडू शकत नाही.

प्रश्न : बोअरमधली मोटर काढायला तिपाई आणि चेन कुप्पी वापरतो. 1 टनाची पुरते का? अर्ध्यावर अडकते तेव्हा दोघं साखळी ओढतो.
(शेतकरी, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : हिशोब करू. दीड इंची जीआय पाइप मीटरला साधारण 3.6 किलो, 60 मीटरला 216. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हनं पाणी धरून ठेवलं तर त्यात 80 किलोंवर भर. मोटर-पंप 50 किलो धरा. झाले साडेतीनशे. 1 टनी कुप्पी भरपूर आहे. म्हणूनच दोघांना ओढावं लागतंय याचा अर्थ वजन वाढलेलं नाही, मोटर गाळात किंवा केसिंगला अडकली आहे. एका माणसाच्या ताकदीनं साखळी हलत नसेल तर थांबायचं. दुसरा माणूस, साखळीत अडकवलेली पहार, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक, यांनी अडकलेली मोटर सुटत नाही, पाइपची कपलिंग तुटते आणि सगळी लाइन खाली जाते. पाइप थोडा खाली सोडा, फिरवा, पुन्हा घ्या.

साखळीला तेल लावा, पण कुप्पीच्या ब्रेकच्या चकत्यांना नाही. त्या कोरड्या राहूनच धरतात. कपलिंग उघडायच्या आधी पाइप क्लॅम्प केसिंगवर टेकलेला आणि बोल्ट आवळलेले हवेत. तिपाईचे पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधा आणि काळ्या मातीत प्रत्येक पायाखाली फळी घाला, नाहीतर ओढ बसली की एक पाय रुततो आणि तिपाई त्या बाजूला बसते.

शेवटचं, पण हे सगळ्यात आधी बघायचं : बोअरवरून विजेची तार जाते का? निघालेला पाइप 6 मीटरचा असतो आणि तो आडवा करताना तिपाईच्याही वर झोकांडी खातो. बोअरजवळून तार जात असेल तर लाइनमनला सांगून ती लाइन बंद करवून घ्या. स्टार्टरचा फ्यूज काढून वरची तार बंद होत नाही.